बादलीचा आकडा

कोंडाजी भालेराव बॉयलरवर होता. अंबरनाथला कापड रंगवण्याचा एक कारखाना होता, त्याला वाफ पुरवणारा कोळशाचा बॉयलर. चारशे माणसांचं काम त्या वाफेवर चाले, पण बॉयलरच्या खोलीत विनाकारण पाऊल टाकायला कुणी राजी नसे. कोंडाजीला मात्र तिथंच करमायचं.

सातच्या पाळीला तो पावणेसातला हजर. पहिलं काम काचेचं. बॉयलरच्या तोंडावर एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. नळी तुंबली तर काच खोटं बोलते. म्हणून तो आधी तिचा कॉक उघडायचा, फस्सकन वाफ सोडायचा आणि पाणी खाली पडून पुन्हा वर चढतं का ते बघायचा. आधीच्या पाळीवाला म्हणायचा, "आत्ताच केलंय, कोंडाजी." कोंडाजी म्हणायचा, "तू केलंस ते तुझं. मी करतो ते माझं."

असा माणूस. आणि त्याच माणसाने शहाऐंशीच्या उन्हाळ्यात बॉयलरचा दाबाचा काटा लाल रेघेच्या पार नेला होता.

त्याच्या आजाराला दोन टोकं होती. दोन-अडीच वर्षांनी डोक्यात वारं शिरायचं. झोप नाही, भूक नाही, तोंड बंद नाही, थकवा तर नाहीच. महिना-दीड महिना ते वारं चालायचं. मग पडायचं, आणि कोंडाजीही त्याच्याबरोबर पडायचा. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, दोन-दोन महिने.

शहाऐंशी साली वारं शिरलं तेव्हा उल्हासनगर कॅम्प चारमधल्या बराकीतली त्याची खोली त्याला अंधारी वाटायला लागली. त्याने छिन्नी-हातोडा घेतला आणि एका दिवसात भिंतीला खिडकी पाडली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसरी खिडकी निघाली ती थेट शेजारच्या मोहिनीअडीच्या स्वयंपाकघरात. ती सिंधी बाई, अडी म्हणजे त्यांच्यात ताई, लाटणं हातात धरून समोर उभी. कोंडाजी भोकातून म्हणाला, "बघा अडी, आता कसा वारा खेळतो!"

त्याच आठवड्यात कारखान्यात त्याने भट्टीत कोळसा रेटला. कोळसा ओढणारा नवसू ओरडला, "अवो, काटा बगा, काटा!" कोंडाजी हसत होता. "यंत्रात जोर आहे रे! वापरत नाही आपण!" शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह फुंकला. त्या किंकाळीने चारशे माणसं फाटकाबाहेर पळाली. इजा कुणाला झाली नाही. नवसूने भट्टीतला विस्तव ओढून बाहेर काढला, त्यात त्याची एक भुवई गेली, ती काही महिन्यांनी परत आली.

कोंडाजीला बॉयलरवरून काढून कोळशाच्या यार्डात टाकलं. त्याची बायको गयाबाई त्याला कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आजाराला नाव दिलं, आणि गोळ्या दिल्या. लिथियम. सकाळी एक, रात्री जेवल्यावर एक, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. औषध कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. मधल्या पट्ट्यात ठेवायचं.

कोंडाजीने गोळी धरली ती पाळीसारखी. एक चुकली नाही. वर्ष गेलं, वारं आलं नाही. पडणंही आलं नाही. बोटांना बारीक थरथर आली, तहान वाढली, एवढंच. सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी मॅनेजरने त्याला परत बॉयलरवर घेतलं, आणि बजावलं, "पुन्हा एकदा असं झालं तर तुमचं बॉयलरचं सर्टिफिकेट रद्द करायला मीच वर पाठवीन. कायमचं."

कोंडाजी म्हणाला, "बरोबर आहे."

*

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका रविवारी गयाबाईचा भाऊ सोमा आला. सोमा शहाडच्या एका कारखान्यात टाइमकीपर. मॅट्रिक पास, आणि इंग्रजीचा मोठा भोक्ता. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद त्याच्या नजरेला पडला. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. सोमाने घरी जाऊन डिक्शनरी आणली.

दोन तास तो वाचत होता. मग गंभीर होऊन म्हणाला, "दाजी, ही गोळी कुणी लिहून दिली तुम्हाला?"

"का?"

"ऐका. हात कापणं. तहान. ते सोडा. पुढं लिहिलंय, गळ्याची ग्रंथी बिघडणं. मूत्रपिंडं निकामी. तोल जाणं, झटके, बेशुद्धी." त्याने डिक्शनरी मिटली. "आणि मृत्यू."

गयाबाई मोहिनीअडीच्या पापडाचं पीठ कुटत होती. पापडाचं काम ती घरीच करायची. कुटलेलं पीठ त्या तिसऱ्या खिडकीतून पलीकडे जायचं आणि काळ्या मिऱ्यांचं नवं पीठ अलीकडे यायचं. खिडकी बुजवायची राहिली होती आणि आता दोघींना तिच्यावाचून चालत नव्हतं. तिने बत्ता थांबवला.

"सगळ्यांना होतं का हे?"

"क्वचित, असं लिहिलंय. पण आक्का, छापलंय म्हणजे कुणाला तरी झालंय ना?"

"तुझ्या सिगारेटच्या पाकिटावर काय छापलंय रे? ते बरं वाचत नाहीस."

"ती गोष्ट वेगळी."

"हो, ती तुझी आहे ना, म्हणून वेगळी."

खिडकीतून मोहिनीअडीचा आवाज आला. "गयाबाई, तेरे भाई को बोल, कागज पढ़ने से कोई नहीं मरता. और दाजी को बोल, चौथी खिड़की नहीं मंगता मेरे को!"

कोंडाजी हसला नाही. तो बोटांकडे बघत होता. थरथर त्याला इतके दिवस टोचत नव्हती. आता टोचायला लागली.

आठवडाभर हेच चाललं. गोळी घ्यायचा, पण घेताना थांबायचा. तहान लागली की मोजायचा, आज किती तांबे झाले. लघवीला जाऊन आला की गयाबाईला विचारायचा, "माझे पाय सुजलेत का गं?"

"अहो, बॉयलर फुटतो कधी कधी. तुम्हीच सांगता. म्हणून नोकरी सोडलीत का?"

"बॉयलरला काच आहे," कोंडाजी म्हणाला. "आत किती पाणी आहे ते दिसतं. मला कुठं काच आहे?"

गयाबाईने बोटांवर दिवस मोजले. ती म्हणाली, "मंगळवारी रक्त द्यायचंय. बघू काय येतं."

आधीच्या प्रत्येक वेळी रक्त द्यायला ती बरोबर गेली होती. सकाळची गोळी ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची आणि रक्त दिल्यावर सोडून त्याच्या हातावर ठेवायची. कोंडाजीला वाटायचं, उपाशीपोटी गोळी नको म्हणून करत असेल. विचारलं कधी नाही. त्या मंगळवारी मात्र ऊन चांगलं पडलं होतं आणि मोहिनीअडीची लग्नसराईची ऑर्डर होती, वीस शेर पापड. कोंडाजी म्हणाला, "मी काय लहान आहे? जातो एकटा."

पाळीला उशिरा येण्याची परवानगी मागून घेऊन तो गेला. निघताना चहा घेतला, रोजच्यासारखी गोळी घेतली, साडेआठला रक्त दिलं. आणि पाळीला उशीर नको म्हणून घाईने स्टेशन गाठलं.

शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. छापील रकान्यात लिहिलं होतं, शून्य पूर्णांक सहा ते एक पूर्णांक दोन. आणि समोर शाईने, एक पूर्णांक सहा. लॅबवाल्याने त्याला लाल गोल केला होता.

लाल. कोंडाजीने कागद दोनदा वाचला. काटा पुन्हा लाल रेघेच्या पार गेला होता, आणि या खेपेला बॉयलर तो स्वतः होता.

सोमा होताच. "बघा! मी सांगत होतो. दाजी, आजपासून बंद. फेकून द्या."

"फेकायचं कुणी सांगितलं तुला?" गयाबाई कडाडली. "बाईंना विचारल्याशिवाय काही फेकायचं नाही."

"रात्रीची देऊ नको, आक्का. एक पॉइंट सहा आहे!"

त्या रात्रीची गोळी कोंडाजीने घेतली नाही. ते चूक नव्हतं. तेवढ्या आकड्यावर कुणीही थांबला असता. रविवारीही घेतली नाही. रविवारी दवाखाना बंद. डॉक्टरीणबाई सोमवारी संध्याकाळी बसणार होत्या. कोंडाजीने ठरवून टाकलं होतं. सोमवारी पाळी सुटल्यावर कल्याणला जायचं, डबी बाईंच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, बाई, उपकार झाले, पण हे बास.

गयाबाईने विचारलं, "आणि वारं आलं तर?"

"आलं तर बघू."

"काय बघणार? मी बघते दरवेळी. तुम्ही कुठं असता बघायला?"

तो पाणी प्यायला उठला. पण डबी सोमवारी सकाळी जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत घातली.

*

बॉयलरच्या पाण्यात रोज औषध घालावं लागतं, नाहीतर आत क्षाराचा थर धरतो. पद्धत ठरलेली. सकाळी आधी बॉयलरमधून पाण्याचा नमुना बाटलीत काढायचा, तो केमिस्टकडे पाठवायचा आणि त्यानंतर बादलीत पावडर कालवून पाण्यात सोडायची. आधी नमुना, मग औषध. कोंडाजीने हे नवसूला पाच वर्षांत हजारदा सांगितलं असेल.

नवसू बारवीकडच्या पाड्यावरचा. भाताची कापणी झाली की कारखान्यात, पेरणी आली की शेतात. अंगाने काटक, कामाला वाघ, पण वेळ त्याला वाघाइतकीच कळायची. त्या सोमवारी कोंडाजी काचेशी उभा होता, लक्ष भलतीकडेच. नवसूने बादली कालवली, पाण्यात सोडली, आणि थोड्या वेळाने आठवण झाली म्हणून बाटली भरून केमिस्टकडे देऊन आला.

दहा वाजता केमिस्टचा निरोप आला. पाण्यात औषध दुप्पट आहे. चार दिवस पावडर बंद करा.

कोंडाजी भडकला. "दुप्पट? माप मी स्वतः घालून दिलंय. दुप्पट कसं होईल? नवसू! बाटली कधी भरलीस?"

"सकालीच की."

"पावडर आधी की बाटली आधी?"

नवसूने डोकं खाजवलं. "पावडर."

"अरे बैला! किती वेळा सांगू तुला?"

"पन पानी तर त्येच ना, दादा? आधी काय नि मागं काय. बॉयलर काय पलून गेला का?"

"पाणी तेच, पण औषध अजून मुरलंय कुठं? ओतल्या ओतल्या बाटली भरलीस तर आकडा चढणारच. तो बॉयलरचा आकडा नव्हे. तो तुझ्या बादलीचा आकडा आहे! आणि त्या बादलीच्या आकड्यावर हा शहाणा म्हणतो चार दिवस औषध बंद करा. चार दिवस बंद केलं तर आत थर..."

तो तिथंच थांबला.

नवसू वाट बघत होता. दादांचं बोलणं असं मध्येच कधी तुटत नसे. "काय झाला, दादा? मी पुन्ना भरू का बाटली?"

"आता नको," कोंडाजी हळू म्हणाला. "उद्या. उद्या सकाळी, पावडरच्या आधी." मग तो कोळशाच्या ढिगाजवळच्या स्टुलावर बसला. "नवसू, मी बैल आहे रे."

"आँ?"

"मंगळवारी मी चहाबरोबर गोळी घेतली. आणि तासाभरात जाऊन बाटली भरून दिली."

नवसूला अर्धंच कळलं. पण दादा स्वतःला बैल म्हणाले एवढं कळलं, आणि तो दात काढून हसला. "मंग मना कशाला शिव्या देता?"

*

कल्याणला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या तोंड उघडणार तोच कोंडाजी म्हणाला, "बाई, हा आकडा माझा नाही. सकाळची गोळी घेऊन रक्त दिलं मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही? दीड वर्षात तुमची एक गोळी चुकली नाही."

"म्हणून तर चुकलं."

बाई हसल्या. मग त्यांनी त्याचे हात पुढे करायला लावले, सरळ रेषेत चालवलं, उलट्या-जुलाब झाले का विचारलं. मग सांगितलं. उद्यापासून पहिल्यासारखी गोळी चालू. पूर्ण आठवडा झाला की पुन्हा रक्त. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, आणि सकाळची गोळी घेण्याआधी.

"उद्याच का नाही तपासायचं?"

"दोन दिवस गोळी बंद आहे. आता तपासून काय कळणार?"

कोंडाजीने मान हलवली. थंड बॉयलरचा दाब कोण मोजतो? हे त्याला कुणी समजावायला नको होतं.

पण तो उठला नाही. खिशातून सोमाने वाचलेला पातळ कागद काढला. "आणि हे? हे खोटं आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खरं आहे."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. काही होत नाही हो, असं म्हणतील असं वाटलं होतं. तसं म्हटलं असतं तर कदाचित त्याने डबी ठेवलीच असती.

"गळ्याची ग्रंथी बऱ्याच जणांची मंदावते, त्यावर दुसरी गोळी आहे. मूत्रपिंडं फार वर्षांनी काहींची थकतात. थोड्यांची. तुमची थकतील की नाही ते मी आज सांगू शकत नाही. म्हणून तपासत राहायचं. थकायला लागली तर रक्तात आधी दिसतं, तेव्हा औषध बदलू."

"म्हणजे काच आहे," कोंडाजी म्हणाला.

"काय?"

"काही नाही. बोला."

"उलट्या-जुलाब झाले, हात जोरात कापायला लागले, तोल जायला लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी माझ्याकडे. भट्टीसमोर घाम जातो, तेव्हा पाणी भरपूर प्यायचं. जेवणातलं मीठ तोडायचं नाही. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. आणि आता तुम्ही सांगा. गोळी नव्हती त्या दहा वर्षांत किती वेळा वर गेलात, किती वेळा पडलात?"

कोंडाजी बोटं मोजत होता. बोटं थरथरत होती, पण मोजता येत होती. "चारदा वर. पाचदा खाली." मग बोटं मिटून, "आणि व्हॉल्व्ह एकदा फुंकला. तो नसता तर नवसूची भुवई परत आली नसती. नवसूच आला नसता."

बाईंनी रक्ताची नवी चिठ्ठी लिहिली. कोंडाजीने कागदाची घडी घातली, डबी पिशवीतच राहू दिली आणि उठला. दारात पोचल्यावर वळून म्हणाला, "बाई, रक्त घ्यायच्या चिठ्ठीवर एक लिहाल का? शेवटची गोळी कधी घेतली, ते त्या लॅबवाल्याने विचारायचं. माझ्यासारखे बैल बरेच असतील."

बाईंनी लिहिलं.

घरी आल्यावर त्याने गयाबाईला विचारलं, "तू ती गोळी पदरात का बांधत होतीस?"

"बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रक्ताआधी द्यायची नाही म्हणून. तुम्ही नव्हता का तिथं?"

"होतो. भिंतीकडे बघत होतो."

"मग मला विचारायचं."

"तू तरी सांगायचंस."

"तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही केलेलं तेवढंच खरं!"

खिडकीपलीकडे मोहिनीअडी खो खो हसली. तिला मराठी बोलता येत नसे, कळायचं मात्र सगळं.

पुढच्या खेपेचा आकडा आला शून्य पूर्णांक आठ. सोमाने तो तीनदा वाचला, कागद उलटा करूनही पाहिला. "बरोबर वाटतंय," असं तो म्हणाला खरा, पण सूर असा की आकडा त्यानेच आणलाय.

*

त्यानंतर वारं आलंच नाही असं नाही. नव्वद साली एकदा झुळूक आली. कोंडाजी दोन दिवस पहाटे तीनला उठून बसला आणि पावडरीचे डबे रंगवायला काढले. गयाबाईने तिसऱ्या दिवशी हाताला धरून कल्याणला नेला. बाईंनी मात्रा थोडी वाढवली, आठ दिवसांची रजा लिहून दिली. डबे अर्धेच रंगले, तसेच राहिले. नवसू ते लोकांना दाखवायचा. "हितवर वारा आलता, हितं थांबला."

चौऱ्याण्णवला गळ्याची ग्रंथी मंदावली. थंडी वाजायची, बॉयलरसमोर थंडी, तेव्हाच त्याला शंका आली. रक्तात दिसलं. एक बारीक गोळी वाढली. कोंडाजीने सोमाला बोलावून तो जुना कागद मागितला, त्यातल्या त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. "ही झाली. बाकीच्यांवर लक्ष आहे."

मूत्रपिंडं धड राहिली. दरवर्षी तपासली, दरवर्षी धड. पुढचं कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णवला तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशीही पावणेसातला आला, काच फुंकून बघितली, नमुना काढला, मगच पावडर सोडली. बारा वर्षांत काटा लाल रेघेला शिवला नव्हता.

आता गयाबाईचे गुडघे गेलेत. लॅबपर्यंत तिला चालवत नाही. रक्ताच्या दिवशी कोंडाजी एकटाच जातो. पण आदल्या रात्री ती त्याचा रुमाल मागून घेते, सकाळची गोळी त्याच्या टोकाला ठेवते आणि गाठ मारते. घट्ट, दोन वेढ्यांची.

"मला कळतं आता," तो म्हणतो.

"कळतं तर कळू द्या."

रक्त देऊन झालं की तो बाकावर बसतो आणि गाठ सोडायला लागतो. बोटं थरथरतात, गाठ घट्ट असते, वेळ लागतो. लॅबमधली मुलगी म्हणते, "बाबा, मी सोडून देऊ का?"

"नको," कोंडाजी म्हणतो. "तू फक्त पाणी आण. भरपूर आण."

गाठ सुटते.